मूळ देशाचा रकाना

मत्राहच्या मासळीबाजारामागे माझं दुकान,
म्हणून बाकर लवातीनं ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणली
तरी कुणी वळून पाहिलं नाही.
ऑगस्ट. एसीचं पाणी बादलीत थेंब थेंब.
"उस्ताद दस्तगीर, लिलावाचा कागद आहे.
मूळ देश लिहा, सही करा."
रकाना एकच. बोटभर.

ऋषीचं कूळ, नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
तलवारीचं कुणी म्हणून ठेवलं नाही,
त्यावर तर माझं पोट चालतं.

मुठीला दोऱ्यानं बांधलेली जुनी चिठ्ठी: जावा.
जावा नव्हे.
तिकडची असती तर मुठीखाली पातं एका अंगाला पसरलं असतं,
दाराशी पाय पसरून बसलेल्या म्हाताऱ्यासारखं.
ही सडसडीत. एकधारी. पाठीला जेमतेम बाक.
आणि परज नाहीच.
हात आणि धार यांच्यामध्ये कुणी नाही.
अशी हत्यारं ब्रह्मदेश ते सयाम सगळीकडे,
डोंगर ओलांडला की लकब बदलते.

मूठ गोल, उसाच्या कांड्यासारखी,
शेवटाला चांदीची कमळकळी.
कळी सयामकडे बोट दाखवते.
पात्याच्या मुळाशी मात्र तार ठोकून काढलेली वेल,
ती वरच्या ब्रह्मदेशातली, जवळजवळ नक्की.
म्यान तिसरंच:
एक बाजू उघडी, वेताचे वेढे, कचिन डोंगरांतलं,
आणि पातं त्यात दोन बोटं अपुरं.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.
इथे एका तलवारीत तीन गावं नांदत होती,
आणि बाकर विचारत होता,
"सयाम लिहिलं तर किती? ब्रह्मदेश लिहिलं तर?"
भाव तो अरबीत करतो,
मोजतो मात्र घरच्या बोलीत, ओठांतल्या ओठांत:
हिकडो, ब, त्रे.

मी मूठ कोमट करायला घेतली.
हेअर ड्रायर, सहा मिनिटं.
लाख सैल झाली, वास आला,
आणि मी थेट मिरजेत.
आमचे चुलते शिकलगारच,
राजे गेल्यावर तलवारी ठेवून सतारी धरल्या.
तेच हात, तीच लाख.
मी तेवढा उलट्या दिशेनं आलो,
सुलतानी नाण्यांच्या मागे, जंबियांना सिकल करत.

मूठ सुटली.
आतला खिळा गंजका, आखूड,
आणि त्याच्या पोकळीत, मूठ घट्ट बसावी म्हणून
कुणीतरी दाबून घातलेली एक चोय.
बांबूची असेल म्हटलं. भिंगाखाली धरली.
खजुराची.
झावळीच्या देठातून सोललेली, कडा चाकूनं तासलेल्या.

ब्रह्मदेशात खजूर कुठला?

म्हणजे हे लग्न इथलं.
या बंदरात कुणा बोटीतून पातं उतरलं,
कुणा दुसऱ्या बोटीतून मूठ,
आणि याच गल्लीत, असल्याच उकाड्यात,
माझ्यासारख्या कुणीतरी जुळवाजुळव केली,
हाताशी जे होतं त्यानं.
तासणी सफाईदार होती. मला तितकी जमत नाही.

"काय सापडलं?" बाकर.
"गंज," मी म्हणालो.

मग पात्याला पाणी आहे का पाहिलं.
होतं. खोल, थोडं निळं,
पाजणारा घाईत नव्हता.
रकान्यात बारीक अक्षरात तिन्ही नावं कोंबली,
पातं अमुक, मूठ तमुक, म्यान नंतरचं,
चौथं लिहिलं नाही.
बाकरनं कागद उजेडात धरला,
तीन नावांनी भाव पडेल म्हणाला,
शिव्या दिल्या, चहा मागवला.

नवी लाख वितळवली.
माझ्याकडे सागाच्या चिपा आहेत, पितळेच्या आहेत,
दोन्ही घालून पाहिल्या.
मूठ हलत राहिली.
शेवटी तीच चोय होती तिथे परत ठोकली.